अंगठ्यावर चालणारी गाडी

कुमुद बापटची आणि माझी ओळख तिच्या नवऱ्याच्या अंत्यविधीला झाली, आणि तीही माझ्या एका गाढवपणामुळे.

तेव्हा मी चोपन्न वर्षांची अल्लड पोर होते. मेलबर्नला येऊन चारच महिने झाले होते आणि इथल्या बोलण्याची मला नको इतकी हौस होती. बसच्या दारालासुद्धा 'थँक्स मेट' म्हणायची. बापटांना मी कधी पाहिलंही नव्हतं. माझे यजमान त्यांच्या ऑफिसात होते म्हणून गेलो. हॉलमध्ये पांढऱ्या फुलांशेजारी एक बारीक, ताठ बाई उभी होती. रांगेत माझा नंबर आला. तिनं हात जोडले आणि म्हणाली, "एवढ्या लांबून आलात, त्रास झाला असेल."

मी अगदी गोड आवाजात म्हणाले, "नो वरीज!"

यजमानांनी डोळे मिटून घेतले. बाईनं रुमाल तोंडावर धरला आणि तिचे खांदे गदगदा हलायला लागले. बायका धावल्या, कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. ती रडत नव्हती हे फक्त मला दिसत होतं, कारण मी समोर उभी होते आणि जमीन दुभंगायची वाट बघत होते.

आठवड्यानं तिचा फोन आला. "नो वरीजवाल्या तुम्हीच ना? त्या दिवशी सगळ्यांनी पाठ केलेलं बोलून दाखवलं. तुम्ही एकट्याच काहीतरी नवीन बोललात. या चहाला."

कुमुद पुण्याला पंपांच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होती. तयार झालेला माल पास करायचा की परत पाठवायचा, हे ठरवणारी. मोजायची यंत्रं होती म्हणे, पण रबराची सील आली की ही आधी अंगठ्यानं दाबून बघायची आणि मग यंत्र लावायची. यंत्र तिच्या अंगठ्याशी सहमत व्हायचं. नोकरी सुटली, देश सुटला, अंगठा सुटला नाही. दुकानात कलिंगड, गादी, उशी, पावाची लादी, सगळं उजव्या अंगठ्यानं दाबून व्हायचं. आव्होकाडोच्या ढिगापाशी तर अनोळखी गोऱ्या बायका तिच्यासमोर फळ धरायच्या. ही दाबून सांगायची, "टुमॉरो, आफ्टर लंच." आणि ते फळ खरोखरच दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पिकायचं.

मेलबर्नच्या कडेला, ट्रुगानिनाला आम्ही नवं घर घेतलं तेव्हा मी तिला मिरवायला बोलावलं. मी स्वयंपाकघरातला बेंचटॉप, म्हणजे ओटा, दाखवत होते, ही भिंती दाबत फिरत होती. लाँड्रीमध्ये, म्हणजे कपडे धुवायच्या खोलीत, तिचा अंगठा प्लास्टरमधून सरळ आत गेला. "शालू, इथे पाणी मुरतंय," ती म्हणाली आणि अंगठा धुवायला गेली. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बिल्डरचा माणूस आला, त्यानं भिंत फोडली, आत पाणी होतं. माझ्या मुलीनं लग्नाचा मुलगा घरी आणला तेव्हा कुमुदनं त्याचाही दंड कौतुकानं दाबला होता आणि स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाली होती, "मऊ आहे. पण नासका नाही. घे." जावई आजतागायत तसाच आहे.

बापटांनी जाण्याआधी शहराबाहेर, बॅलन गावाच्या पुढे वीस एकरांचा एक तुकडा घेऊन ठेवला होता. इकडे त्याला ब्लॉक म्हणतात. खाली फाटक, फाटकाजवळ दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, मध्ये एक डॅम, म्हणजे गुरांना पाणी प्यायला खणलेलं तळं, आणि त्यापलीकडे चढत जाणारी गवताची टेकडी. नवरा गेल्यावर मुलगा निखिल म्हणाला, विकून टाकू. कुमुद म्हणाली, बघू. इथल्या नोकरीतून सुटल्यावर ती सरळ तिथे राहायलाच गेली. निखिल शहरात, पॉइंट कुकला राहतो. शनिवारी येणार, फ्रीज भरणार, गवत कापणार, "आई, दिस इज मॅड" म्हणणार आणि जाणार. चांगला मुलगा आहे. इतका चांगला की त्याच्याशी भांडताही येत नाही.

मला त्या जागेत काही दिसेना. नजरेत भरावं असं काही नाही, समुद्र नाही, डोंगर म्हणावा असा डोंगर नाही. मी एकदा विचारलं, "तू रोज वर कशाला जातेस गं?"

"वरून कुणाचं घर दिसत नाही."

"मग?"

"मग काय? माझं लहानपण चाळीत गेलं. समोरच्या गॅलरीतून सगळ्यांना कळायचं, बापूंच्या कुमुदनं आज किती पोळ्या लाटल्या. सासरी सात माणसं. इथे आलो तर शेजारच्या घराची खिडकी माझ्या सिंकसमोर. कुणी ना कुणी बघतंय, शालू, जन्मल्यापासून. वर गेलं की मी कुणालाच दिसत नाही."

"आणि तिथे जाऊन करतेस काय?"

"काही नाही. उभी राहते."

मला ते तेव्हा फार थोर वगैरे वाटलं नाही. मला वाटलं, बाई एकटी राहून थोडी सटकली. मी तिला एका भिशीत यायचा आग्रह केला.

तीन वर्षांपूर्वी हिवाळ्याच्या तोंडावर, एप्रिलच्या पावसात ती डॅमपाशी पडली. तिथली माती नुसती चिकट नाही, हावरट आहे. गमबूट रुतला, पाय वर आला, बूट आतच. ती गुडघ्यांवर घरी आली आणि मला फोनवर हसत हसत सांगितलं. निखिलला हसू आलं नाही. त्यानं फर्मान काढलं: एकटीनं वर जायचं नाही. शनिवारी मी नेईन, हात धरून.

"हात धरून," ती मला म्हणाली.  पुढच्या आठवड्यात तिनं मला विचारलं, "तुझी गाडी घेऊन येशील? दुकानात जायचंय. मला चार चाकांची मोटरसायकल घ्यायची आहे."

इथल्या शेतांवर त्या असतात. क्वाड बाइक. फुगीर टायर, मोटरसायकलसारखं हँडल, घोड्यासारखं बसायचं. चिखल, दगड, ओढा, कशातूनही जाते. दुकान गावाबाहेर, हायवेला लागून. दुकानदार ब्रेट, लालबुंद मानेचा, अर्धी चड्डी बारमाही. त्यानं आम्हा दोघी म्हाताऱ्यांकडे बघितलं आणि विचारलं, "ग्रँडसनसाठी?"

"फॉर मी," कुमुद म्हणाली.

ब्रेटची भुवईसुद्धा हलली नाही, हे मला त्याचं आवडलं. "चिखल, जंगलातली वाट, की बर्फ?"

"चिखल. फक्त चिखल."

त्यानंतर तिनं जे सुरू केलं ते महिना-दीड महिना चाललं. प्रत्येक टायर अंगठ्यानं दाबला. ब्रेट सांगायचा, चिखलाच्या टायरचे दात खोल आणि लांब लांब हवेत, म्हणजे फिरताना माती आपोआप झटकली जाते. बारीक दातांत चिखल भरला की टायरचा लाडू होतो. ही ऐकायची आणि दातांच्या मधल्या फटीत बोट घालून बघायची. पोट जमिनीपासून किती उंच. चारही चाकांना जोर मिळतो की मागच्या दोनांनाच. एक चाक हवेत फिरत राहिलं तर बाकीची रुतून बसतात की ओढतात.

एक भलीमोठी लाल होती. मी, एकोणसत्तर वर्षांची चिमुरडी, नुसतं बघू म्हणून तिच्यावर चढले. चढले ते चढले, उतरता येईना. ब्रेटनं मला काखेत धरून खाली ठेवलं, फुलदाणी ठेवावी तसं. कुमुद वळूनही बघायला तयार नव्हती. ती वजनाचं विचारत होती.

"ही माझ्यावर उलटली तर मला बाजूला करता येईल?"

"नाही, लव्ह. यातली कुठलीच नाही. म्हणून तर आता मागे हा लोखंडी दांडा असतो, पूर्ण अंगावर येऊ नये म्हणून."

"मग त्यातल्या त्यात हलकी दाखव."

शेवटी ब्रेटनं तिला दुसऱ्या बाजूला नेलं. तिथे एक निराळं वाहन होतं. छोट्या जीपसारखं: स्टिअरिंग, पायात पेडल, पट्टा, डोक्यावर छप्पर, दोन सीटं शेजारी शेजारी. "तुझ्या वयाला हे बरं," तो म्हणाला. "सुरक्षित आहे. माझ्या आईला मी हेच देईन."

मीही म्हटलं, "अगं हेच घे. बसायलाही ऐसपैस."

आपल्याकडे वाहन घेताना पहिला प्रश्न हाच असतो ना, माणसं किती बसतील. स्कूटरवर चार बसवणारी जात आपली. कुमुदनं त्या रिकाम्या सीटवर अंगठा दाबला. छान मऊ सीट होती.

"नको," ती म्हणाली. "इथे कुणीतरी बसेल."

मग ती परत क्वाडकडे आली. मधल्या आकाराची, शेवाळी रंगाची. तिच्या मागच्या बाजूला एक स्टिकर होता: एका माणसामागे दुसरा बसलाय आणि त्यावर लाल काट. मागे कुणाला बसवायचं नाही. कुमुद तो स्टिकर पाचेक मिनिटं बघत राहिली, देवळातल्यासारखी. आणि ब्रेटला विचारलं, "ॲक्सिलरेटर कुठे?"

त्यानं उजव्या मुठीखालची एक चिमुकली पट्टी दाखवली. "पेडल नाही, मूठ पिळायची नाही. नुसता अंगठा."

तिनं अंगठा ठेवला, दाबला, सोडला. परत दाबला. माझ्याकडे वळली तेव्हा तिचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता असा होता. "शालू! ही अंगठ्यावर चालते!"

झालं. पास.

निखिलनं भरपूर आकांडतांडव केलं. "आई, पीपल डाय ऑन दोज थिंग्ज!"

"तुझे बाबा सोफ्यावर गेले. सोफा काढलास का घरातून?"

गाडी जूनमध्ये, इथल्या ऐन हिवाळ्यात आणि चिखलात, तयार झाली. ब्रेटचा फोन आला, घेऊन जा. आम्ही दुकानात गेलो आणि कुमुद म्हणाली, ऑक्टोबरमध्ये.

मी कपाळाला हात लावला. ब्रेटलाही कळेना. "पण चिखल आत्ता आहे, लव्ह. ऑक्टोबरात वाळायला लागेल."

तिनं त्याला दसरा समजावून सांगितला. एक सण आहे. त्या दिवशी आमच्यात वाहन घरी येतं. ब्रेट म्हणाला, फेअर इनफ, आणि हँडलला तिच्या नावाचं कार्ड बांधलं.

परत येताना मी गाडीत भांडले. "कुमुद, पूजेला घेतेस की चिखलाला? तू कधी संकष्टी केली नाहीस. गणपतीत नैवेद्य मी करते, तू फक्त मोदक दाबून बघतेस!"

"देवाचं नाही गं. ह्यांची पहिली सायकल दसऱ्याला आली. मोपेड दसऱ्याला, इथली पहिली खटारा गाडी दसऱ्याला. आमच्या घरात वाहन दुसऱ्या कुठल्या दिवशी येतच नाही. एवढं एकच मी पाळलंय. मोडायचं कशाला? चिखल काय, पुढच्याही वर्षी आहे."

तो सगळा हिवाळा ती शुक्रवारी दुकानात जाऊन गाडीवर बसून यायची. ब्रेट तिला चहा द्यायचा. अर्वोला, म्हणजे दुपारनंतर, गिऱ्हाईक नसलं की इंजिनही चालू करून द्यायचा. हेल्मेट घेतलं, ते अंबाड्यावर बसेना, तर अंबाडा कापून आली. सत्तरीच्या बाईचा बॉयकट. मी म्हटलं, "एखाद्या रिटायर्ड फौजदारासारखी दिसतेस." ती खूश झाली.

ऑगस्टमध्ये ती एकदा माझ्याकडे राहायला होती. आम्ही भाजी आणायला गेलो. आव्होकाडोच्या ढिगापाशी तिनं एक दाबलं, ठेवलं. दुसरं, तिसरं. "यंदा सगळंच कडक आलंय," म्हणाली. तरी मी एक घेतलं. घरी येऊन कापलं तर आत काळा चिखल. अख्खं सडलेलं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाई चुकली होती. मी ताटलीत घालून तिच्यासमोर नाचवत नेलं. "हे घे तुझं कडक!"

ती ताटलीकडे बघत राहिली. मग अंगठ्याकडे. मग म्हणाली, "असेल. डोळे गेले वाटतं माझे."

डोळ्यांचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. मी जिंकले होते.

दसऱ्याला ब्रेट स्वतः ट्रेलरवर गाडी घालून ब्लॉकवर घेऊन आला. निखिल येणार होता, पण त्याला सुट्टी मिळाली नाही; कुमुदच्या ते पथ्यावरच पडलं. मी नारळ, हळदकुंकू, लिंबं सगळं घेऊन गेले होते. आपट्याची पानं इथे कुठली, आम्ही गमट्रीचीच, म्हणजे निलगिरीची, सोनं म्हणून देतो. घ्या सोनं म्हटलं की सर्दीच्या औषधाचा वास येतो. ब्रेटलाही दिलं. त्यानं गंभीरपणे खिशात ठेवलं. हँडलला हार घातला, लोखंडी दांड्यावर स्वस्तिक काढलं, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली, नारळ फोडला. ब्रेट खोबरं खात खात गेला.

त्या वर्षी पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळला होता, त्यामुळे टेकडीपर्यंत चिखल होताच. जणू तिच्यासाठी थांबलेला.

कुमुद हेल्मेट घालून बसली. अगदी ताठ. मी बाजूला उभी राहून, लाज वाटावी अशा उत्साहानं टाळ्या वाजवत होते. "चल, लिंबं फोड!"

इंजिन सुरू झालं. नुसतं धडधडत राहिलं.

मला वाटलं, मनात काही म्हणतेय. मग मी तिच्या हाताकडे पाहिलं. अंगठा पट्टीवर होता. ती दाबत होती. मनगट थरथरत होतं, मानेच्या शिरा वर आल्या होत्या, आणि अंगठा नुसता पट्टीवर टेकलेला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो, तो तिथे नव्हताच. खळगा होता. मी कधी बघितलाच नव्हता.

तिनं तळवा लावून पाहिला, पण मूठ सोडली तर हँडल हातात राहीना. डावा हात आडवा नेऊन पाहिला, तर ब्रेक सुटला. गाडी जरा मागे सरकली आणि थांबली. ती बराच वेळ तशीच प्रयत्न करत होती.  

मग तिनं किल्ली फिरवली. तेही दोन्ही हातांनी. हेल्मेटच्या आतून म्हणाली, "डॉक्टर म्हणालेच होते."

मोटर न्यूरॉन. मेंदूकडून स्नायूंकडे निरोप जाणं हळूहळू बंद होतं. तिच्या बाबतीत हातापासून सुरू झालं होतं. ऑगस्टमध्येच तिला कळलं होतं.

"अगं मग ऑगस्टमध्येच का नाही आणलीस गाडी? तेव्हा थोडा तरी चालत असेल ना अंगठा?"

"चालत होता." तिनं हेल्मेट काढलं नाही. "दसऱ्याच्या आधी आणली असती, म्हणजे मी डॉक्टरांचं खरं मानलं असतं. म्हटलं, टिकेल. दसऱ्यापर्यंत टिकेल."

मी तिला उतरवलं. ब्रेटनं मला उतरवलं होतं, तसंच. जाताना चाकांकडे पाहिलं. चारही लिंबं जागच्या जागी होती, अख्खी.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. हातांनंतर पाय गेले, मग आवाज. तिला पॉइंट कुकला हलवलं. निखिलनं तिच्यासाठी काय नाही केलं! नोकरी अर्ध्या वेळेची केली, तिला घास भरवायला शिकला, केस विंचरायला शिकला. मी जायचे आणि बडबडायचे. पूर्वी माझा असा समज होता की माणसाशी गोड बोलत राहिलं की काही ना काही हलकं होतं. त्या खोलीत माझं काहीही हलकं झालं नाही, तिचं तर नाहीच. ती दिवसभर कुणाला ना कुणाला दिसायची. नर्सला, सुनेला, मला, आणि रात्री उशाशी लावलेल्या कॅमेऱ्याला.

गेल्या हिवाळ्यात निखिलचा फोन आला. "मावशी, शनिवारी ब्लॉकवर या. आईला सरप्राइज आहे."

मी गेले. फाटकाशी ते वाहन उभं होतं. स्टिअरिंगवालं, छप्पर असलेलं, शेजारी शेजारी दोन सीटं. ब्रेटनं क्वाड परत घेऊन त्याच्या बदल्यात दिलं होतं. निखिलचा चेहरा आनंदानं फुलला होता. "आईला वर जायचं होतं ना? आता दर शनिवारी मीच नेणार तिला!"

त्यानं तिला लहान मुलासारखं उचललं आणि त्या मऊ सीटवर ठेवलं. पट्टे आवळले, मानेला उशी लावली, पायांवर गोधडी टाकली. ती माझ्याकडे बघत होती. मी निखिलला थांबवायला हवं होतं की नाही, मला अजून ठरवता येत नाही. त्याच्या हातातली ती गोधडी बघितली आणि मी पुढे होऊन तिचं एक टोक खोचलं.

गाडी डॅमच्या कडेनं गेली. चाकं फिरली, चिखल उडाला, दातांनी माती झटकली, सगळं ब्रेटनं सांगितलं होतं तसं. टेकडी चढून ती दोघं पलीकडे दिसेनाशी झाली. वारा होता. निखिलचा आवाज तुटक तुटक येत होता: "आई, बघ... आई, लुक..."

दोघं खाली आली तेव्हा तिच्या गालावर चिखलाचा शिंतोडा होता आणि डोळे घट्ट मिटलेले होते.

"निघाल्यापासून झोपलीच ती, मावशी," निखिल म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. "वर जाऊन दहा मिनिटं थांबलो, उठलीच नाही. नेक्स्ट टाइम."

तो फाटक लावायला गेला. मी रुमालानं तिचा गाल पुसला आणि वाकून हळूच विचारलं, "दिसलं का गं कुणाचं घर?"

तिनं एकच डोळा उघडला. फाटकाकडे, निखिलच्या पाठीकडे नेला. मग माझ्याकडे आणला. आणि निखिल परत आला तसा मिटून घेतला.